एक चलन, आठ बेटं

अनेक देशांचं मिळून एक चलन ही युरोचीच कल्पना, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांचं सामाईक चलन, म्हणजे पूर्व कॅरिबियन डॉलर, काढणारी पूर्व कॅरिबियन मध्यवर्ती बँक १ ऑक्टोबर १९८३ पासून चालू आहे, म्हणजे युरोच्या पंधरा वर्षं आधी. मुख्यालय सेंट किट्समधल्या बासेतेर या छोट्याशा राजधानीत. सभासद आठ. त्यातले सहा स्वतंत्र देश, तर अँग्विला आणि माँटसेरात अजून ब्रिटनच्या अखत्यारीत.

मुळं आणखी मागे जातात. १९५० मध्ये ब्रिटिशांनी तिथल्या आपल्या वसाहतींसाठी एकच चलन मंडळ नेमलं, १९६५ मध्ये त्याच्या जागी चलन प्राधिकरण आलं. त्रिनिदाद, बार्बाडोस, गयाना ही मोठी भावंडं आपापली बँक थाटून वेगळी झाली. मागे राहिली ती चिमुकली बेटं, आणि सामाईक चलन टिकलं ते त्यांचंच.

आधी पौंडाला बांधलेला त्यांचा डॉलर १९७६ साली अमेरिकी डॉलरला बांधला, एका अमेरिकी डॉलरला त्यांचे २.७० या दराने. तो दर आजतागायत हललेला नाही! गुपित साधं आहे: बँकेची देणी जेवढी, त्याच्या निदान ६० टक्के परकीय गंगाजळी ठेवायचं कायद्याचं बंधन. सरकारांना वाट्टेल तेवढ्या नोटा छापून मिळत नाहीत.

मला मात्र जुन्या नोटांचीच गंमत वाटते. क्रमांकाशेजारी गोलात एक अक्षर असायचं, डॉमिनिकाला डी, ग्रेनाडाला जी. नोट सगळीकडे चालायची, पण माहेर कळायचं. शंभराच्या नोटेवर सेंट लुशियाचे नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस आहेत.