मदत हवी आहे: 'अक्यूट'ला मराठीत काय म्हणावं?

आईच्या डिस्चार्ज कार्डावर 'अक्यूट ब्राँकायटिस' लिहिलं होतं. ब्राँकायटिस म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज. मी 'तीव्र' असं वाचून दाखवलं आणि तिचा चेहराच उतरला. हातातला चहा तसाच निवला. खरं तर अक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेला, थोड्या दिवसांचा आजार. तो सौम्यही असू शकतो. क्रॉनिकला निदान 'जुनाट' हा नेमका शब्द आहे. पण 'तीव्र' आपण सिव्हिअरलाही, म्हणजे गंभीर आजारालाही, वापरतो, तिथेच घोळ होतो. 'निगेटिव्ह' रिपोर्टचंही तेच, बातमी बहुतेकदा चांगली असूनही म्हातारी माणसं दचकतात.

आईच्या मैत्रिणींसाठी मी अशा शब्दांची वही करतेय. इथल्या डॉक्टर, नर्स मंडळींनो, तुम्ही पेशंटला 'अक्यूट' कसं समजावता? तुमच्या गावाकडे बोलीतला शब्द असेल तर तोही कृपया सांगा.