ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) गाडी: एकच टायर बदलू की चारही?

मंडळी, मदत हवी आहे. काल पुढच्या डाव्या टायरची साइडवॉल दगडाला घासून चिरली. आतले धागे दिसतायत, म्हणजे पंक्चर काढून भागणार नाही.

बाकीच्या तिघांची नक्षी ५ मिमी उरलीय, नव्याची ८. परिघात जवळपास १९ मिमीचा फरक! चाकं कमीजास्त फिरणार आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं कपलिंग उगाच तापत राहणार, एवढं मला कळतं. टायरवाला म्हणतो, "काही होत नाही, एकच टाका." त्याचं काय जातंय!

पण तीन धडधाकट टायर काढायला जीव होत नाही. त्याच मॉडेलचा, तेवढाच झिजलेला जुना टायर शोधून टाकला तर चालेल का? की नवा टायर तासून कोणी बसवलाय? तोवर स्टेपनीवर किती चालवू?