पहिल्या महायुद्धातली इशापूरची ली-एनफील्ड संग्रहासाठी हवी आहे: जाणकारांचा सल्ला हवा

पणती_कोथरूड

नमस्कार. मी कोथरूडला राहते आणि गेली बारा वर्षे जुनी लष्करी पदके, बिल्ले आणि पलटणींची पितळी बटणे जमवते. या छंदाची सुरुवात आमच्या पणजोबांच्या एका पदकापासून झाली. ते ११७ मराठा पलटणीत शिपाई होते आणि सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले होते. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात, म्हणजे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, ते आत अडकले होते. पुढे तुर्कांच्या कैदेत गेले आणि पायाने अधू होऊन घरी परतले. त्यांचे ते पदक, १९१४-१५ चा स्टार, माझ्याकडे आहे. तो उलटा केला की मागच्या सपाट भागावर त्यांचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली दिसते, आणि नावातल्या एका अक्षराची धार बोटाने चोळून चोळून गेलेली आहे. ते बोट पणजीचे, असे आजी सांगत असे.

या पदकाशेजारी ठेवण्यासाठी त्याच काळात बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड ही .३०३ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप, इथे इंचात) लष्करी रायफल मिळावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मला ती चालवायची नाही, गोळ्याही नकोत. नगरकडच्या एका गृहस्थांनी एक रायफल दाखवली आहे. ती एका संस्थानी घराण्यातून आलेली इशापूरची १९१७ ची रायफल आहे असे ते म्हणतात, दोन लाख चाळीस हजार सांगतात आणि पंधरा दिवसांत होकार मागतात. कागदपत्रांविषयी विचारले तेव्हा 'जुन्या वस्तूला कागद लागत नाही' असे उत्तर मिळाले. काढलेले फोटो खाली जोडले आहेत. रायफल खरी आहे का, ती घरात ठेवता येईल का, आणि पुण्यात या विषयातले कोणाला विचारावे, एवढे मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_आर्मरर_खडकी

ताई, सर्वप्रथम त्या गृहस्थांना विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका. फोटो मी मोठे करून पाहिले आणि तिसऱ्या फोटोतच उत्तर मिळाले.

बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) मूठ खाली पाडल्यावर जिथे टेकते त्याच्या मागे, दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो त्या खोबणीच्या उजव्या अंगावर कारखान्याचा शिक्का असतो. आम्ही त्या भागाला बट सॉकेट म्हणतो. इशापूरच्या त्या काळातल्या रायफलीवर तिथे मुकुट, त्याखाली जी. आर. आय., मग इशापूर, मग साल आणि शेवटी नमुन्याचे नाव असा क्रम सापडतो. त्यातले 'जी. आर.' म्हणजे राजा जॉर्ज आणि 'आय' हा सम्राट या पदाचा आहे. इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या शिक्क्यावर नुसते जी. आर. असते. तुमच्या फोटोत मुकुटाखाली व्ही. आर. आहे, म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि त्याच्या खाली १९१७ आहे. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. तिच्या नावाचा शिक्का १९१७ साली कोणता सरकारी कारखाना मारील? शिवाय इशापूर हा शब्द शिक्क्यात कुठेच नाही, तिथे एनफील्ड आहे, आणि त्या नावातले इंग्रजी 'एन' हे अक्षर आरशात दिसावे तसे उलटे पडले आहे.

या खुणा वायव्य सरहद्दीकडच्या, म्हणजे आताच्या पाकिस्तानातल्या, हातकामाच्या आहेत. पेशावर आणि कोहाट यांच्यामधल्या दर्रा आदमखेल गावात आणि आसपासच्या वस्त्यांत कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कानस आणि हातभात्यावर इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला करत आले आहेत. त्यातल्या पुष्कळांना इंग्रजी लिपी येत नसे. समोरच्या शिक्क्याचे ते चित्र म्हणून अनुकरण करत, त्यामुळे अक्षरे उलटतात, मुकुट एका बाजूला कलतो आणि राजाच्या नावाचा आणि सालाचा मेळ बसत नाही. त्यांच्या हातातल्या कसबाविषयी मला मनापासून आदर आहे. पण तुम्हाला हवी ती वस्तू ही नव्हे.

पुढे कधी खरी रायफल समोर आली तर काय पाहावे, तेही सांगून ठेवतो. रायफल हातात घेण्याआधी विक्रेत्याकडून मॅगझिन काढून बोल्ट पूर्ण मागे ओढून घ्या आणि नळीची खोली रिकामी असल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करा. 'ती रिकामीच आहे' या वाक्यावर आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी विश्वास ठेवत नसे. नंतर नंबर जुळवा: बोल्टच्या मुठीच्या मुळाशी, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याच्या) पुढच्या कड्यावर, नळीच्या मुळाशी, नेम धरण्याच्या मागच्या साइटच्या पट्टीवर आणि नळीच्या टोकाशी बसणाऱ्या नोजकॅपवर एकच नंबर असेल तर रायफल आपल्या मूळ भागांसह टिकली आहे. बोल्टचा नंबर वेगळा असणे ही फार सामान्य गोष्ट आहे, कारण दुरुस्तीच्या वेळी बोल्ट बदलले जात. फोरएंडमधून (नळीखालच्या लाकडातून), मॅगझिनच्या थोडे पुढे, आडवा गेलेला एक स्क्रू दिसला तर तो मजबुतीसाठी भारतात घातलेला असतो आणि संग्राहक त्याला इशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. तो असला म्हणजे रायफल खोटी ठरत नाही, फक्त ती नंतर कधीतरी पुन्हा बांधली गेली आहे एवढे कळते.

त्या काळातल्या ली-एनफील्डचा मार्क ३ हा नमुना २६ जानेवारी १९०७ चा. लांबी साडेचव्वेचाळीस इंच, वजन सुमारे ३.९ किलो, मॅगझिनमध्ये १० गोळ्या. त्याच्या डाव्या अंगाला लांब पल्ल्याच्या सामूहिक माऱ्यासाठी वेगळी साइट असे आणि उजवीकडे मॅगझिन बंद करणारी सरकती पट्टी असे. युद्धात उत्पादन वाढवायचे म्हणून जानेवारी १९१६ पासून इंग्लंडमध्ये हे दोन्ही भाग गाळून मार्क ३ स्टार सुरू झाला. म्हणून मूळ साइट आणि पट्टी जागेवर असलेला युद्धपूर्व मार्क ३ दुर्मीळ मानतात.

आणखी एक गोष्ट, तुमच्या मनाला लागेल म्हणून आधीच क्षमा मागतो. कूट पडले तेव्हा सगळी फौज शरण गेली, त्या पलटणींच्या हातातली शस्त्रे परत आली नाहीत. पणजोबांची स्वतःची रायफल कुणीही तुम्हाला देऊ शकणार नाही. कोणी तसे सांगत आला तर तिथेच उठा.

मंगळवार_पेठ

आर्मरर काकांनी सांगितलेच आहे, मी फक्त स्वतःचा एक अनुभव जोडतो. जुन्या बाजारात रविवारी फिरताना एकाने मला 'पहिल्या महायुद्धातली .३०३' म्हणून फोटो दाखवले होते, आणि घरी येऊन पाहिले तर ती इशापूरचीच, पण १९६० च्या दशकातली ७.६२ मिलिमीटरची २ए१ ही नंतरची रायफल निघाली. ओळखायला मॅगझिन पाहावे: .३०३ चे मॅगझिन खाली उतरते आणि पुढे गोलाई घेते, २ए१ चे सरळ कोपऱ्याच्या पेटीसारखे असते. जुन्या बाजारात मी कुलपे, कंदील आणि पितळी वजने आनंदाने घेतो. बंदूक मात्र तिथे कुणी कानात सांगितली तर पुढे चालू लागतो.

विधी_डेक्कन

मी वकिली करतो. इथे लिहितो तो सर्वसाधारण सल्ला आहे, तुमच्या प्रत्यक्ष प्रकरणात कागद पाहूनच मत देता येईल.

.३०३ हा बोअर भारतात प्रतिबंधित बोअर मानला जातो, कारण त्यात लष्करी गोळी बसते. अशा शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो आणि केवळ संग्रहाच्या हौसेसाठी तो मिळण्याची आशा मी कोणत्याही अशिलाला दाखवत नाही. चालू स्थितीतली .३०३ परवान्याविना घरात ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्रांविषयीची शिक्षा किमान ७ आणि कमाल १४ वर्षांपर्यंत नेली आहे. 'जुन्या वस्तूला कागद लागत नाही' हे वाक्य ऐकून कोणी त्या वाटेला जाऊ नये.

मात्र या वाक्यात सत्याचा एक कण आहे आणि फसवणूक त्याच्याच आधाराने होते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण तिची अट अशी की ते शस्त्र दुरुस्ती करूनही वा न करताही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. साध्या मराठीत सांगायचे तर, लोहाराने अर्ध्या दिवसात जे पुन्हा चालते करता येईल ते या सवलतीत बसत नाही. फायरिंग पिन काढून ठेवली एवढ्याने काम भागत नाही. दुसरे, फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीने 'क्युरिओ' (जुनी संग्रहणीय वस्तू) या वर्गात मोडणाऱ्या शस्त्रांच्या संपादनासाठी आणि बाळगण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. परंतु तेच शस्त्र वापरायचे, बाळगून फिरायचे किंवा वाहून न्यायचे झाल्यास योग्य तो परवाना लागतो. नगरहून पुण्यापर्यंत गाडीच्या डिकीतून आणलेली रायफल, ती क्युरिओ ठरली तरी, रस्त्यात तुम्हाला अडचणीत आणू शकते. हा मुद्दा बहुतेक संग्राहकांच्या ध्यानातच येत नाही.

म्हणून माझा ठाम सल्ला असा की कोणतीही वस्तू ठरवण्याआधी तिचे फोटो, मोजमाप आणि विक्रेत्याकडे ती कशी आली याचा लेखी तपशील घेऊन पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे अर्ज द्यावा, आणि ती कोणत्या वर्गात मोडते याचे उत्तर लेखी मागावे. पोच घ्या. तोंडी 'हो, चालेल' याला न्यायालयात अर्थ नसतो.

खरी जुनी शस्त्रे कुठे असतात, याचेही उत्तर देतो. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या, त्यामुळे अनेक घरांतली तिसरी बंदूक जमा करावी लागली. परवानाधारक वारल्यावरही वारसांना शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी द्यावे लागते. शहरातल्या परवानाधारक विक्रेत्यांकडे जाऊन आपण काय शोधतो ते सांगून ठेवावे. तिथल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत असते. .३०३ क्वचितच दिसेल, पण ठासणीची बंदूक किंवा स्नायडर ही एकोणिसाव्या शतकातली लष्करी रायफल दिसू शकते.

पणती_कोथरूड

काका, वकीलसाहेब, सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना मी आज सकाळी नकार कळवला. राणीच्या मृत्यूचे साल शाळेत शिकलेले असूनही शिक्का पाहताना ते सुचले नाही, याचे वाईट वाटते, कारण महिनाभर मी ती रायफल पदकाशेजारी ठेवलेली मनात पाहत होते.

आता विचार करते आहे की रायफलीऐवजी पणजोबांच्या पलटणीशी जोडलेली, पण कायद्याने आणि माझ्या घराच्या दृष्टीनेही सोयीची अशी वस्तू कोणती असावी?

शुक्रवार_पेठ_वाचक

खरेदीआधी एकदा बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन शस्त्रांचे दालन पाहा. वस्तू समोर ठेवून अर्धा तास उभे राहिल्याने नजर तयार होते, ती शंभर फोटोंनी होत नाही. पणजोबांच्या बरोबरचे जे परतले नाहीत त्यांची नावे शोधायची असतील तर बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मेसोपोटेमियात वारलेल्या आणि समाधी माहीत नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक आहे. तुमच्या पदकाभोवती कथा उभी करायची तर त्याच तुकडीतल्या माणसांची नावे एखाद्या बंदुकीहून अधिक जवळची ठरतील, असे मला वाटते.

निवृत्त_आर्मरर_खडकी

ताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर संगीन किंवा दस्त्यावरची पितळी चकती.

चकती लहान असते. रायफलीच्या दस्त्याच्या उजव्या बाजूला ती स्क्रूने बसवलेली असे आणि तिच्यावर पलटणीची खूण व रायफलीचा क्रमांक ठोकलेला असे. युद्धात ही पद्धत मागे पडत गेली, म्हणून १९१६ च्या आधीची मराठा पलटणीची चकती मिळाली तर ती खरोखर दुर्मीळ वस्तू आहे. नकली चकत्याही फिरतात. खऱ्या चकतीत स्क्रूच्या भोकाची कड आतल्या बाजूला झिजलेली असते, मागचा भाग लाकडाच्या तेलाने काळपट झालेला असतो आणि अक्षरे एकेक पंच मारून उमटवलेली असल्याने त्यांची खोली कमीजास्त असते. यंत्राने कोरलेली, एकसारख्या खोलीची अक्षरे दिसली तर सोडून द्या.

संगीन घ्यायची तर १९०७ च्या नमुन्याची. पाते १७ इंचांचे असते. सुरुवातीच्या संगिनींना मुठीपाशी आकड्यासारखी वाकलेली कडी असे, ती १९१३ मध्ये बंद झाली. भारतात पुढे पुष्कळ संगिनी कापून १२ इंचांच्या केल्या गेल्या, त्यामुळे अखंड १७ इंची इशापूर संगीन हीच शोधण्यासारखी आहे. मुठीच्या लगतच्या, धार नसलेल्या भागावर मुकुट, साल आणि आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) ही खूण पाहावी. पात्याचे टोक गोल घासलेले असेल तर कापलेली संगीन पुन्हा टोकदार केली असावी, अशी शंका घ्या.

विधी_डेक्कन

संगिनीविषयी एक ओळ: संगीन हे धारदार शस्त्रांच्या वर्गात येते, आणि अशा शस्त्रांना परवाना अधिसूचित क्षेत्रांत लागतो. पुण्यात तिच्या बाबतीत काय लागू आहे, हेही त्याच अर्जात परवाना शाखेला विचारून घ्या. चकतीला असा काही प्रश्न नाही.

पणती_कोथरूड

मग आधी चकती शोधते आणि अर्जात संगिनीचा प्रश्नही घालते. साताऱ्याकडच्या एका नात्यातल्या काकांच्या माळ्यावर पणजोबांच्या सोबत्याची ट्रंक आहे, तिच्यात 'पितळेचे काहीतरी गोल' असल्याचे ते सांगतात. रविवारी जाणार आहे.

निवृत्त_आर्मरर_खडकी

घासू नका, लिंबू नको, राखही नको. जशी आहे तशीच पातळ सुती कपड्यावर ठेवा आणि फोटो दोन्ही बाजूंचे काढा, प्रकाश आडवा पडू द्या म्हणजे पंचाच्या खुणा उठून दिसतील. मागची बाजू मला आधी पाठवा.