निवेदनाऐवजी माहितीचा अर्ज करा

नागपूर महापालिकेच्या आशीनगर झोन कार्यालयाला वस्तीतल्या गटारासाठी चार निवेदनं देऊनही काही हललं नाही, अशी तक्रार आहे. निवेदनाला मुदत नसते, माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांची असते. जन माहिती अधिकाऱ्याच्या (कार्यालयात असे अर्ज घेऊन माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नावे अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत.

"काम का झालं नाही?" असं विचारू नका. बहुतेक अर्ज इथेच फसतात, कारण कायद्याने नोंदीत असलेलंच मिळतं. कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि देयकं (बिलं) यांच्या प्रती मागा. मोजमाप पुस्तक मिळालं की टेप घेऊन गटार मोजा, आणि हो, सगळ्या वस्तीसमोर मोजा! ३० दिवसांत उत्तर नाहीच आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद. अर्जाची पोच जपून ठेवा.