वखारीत सापडलेली जुनी चेनसॉ: मॉडेल कसे ओळखावे आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी?

रामबागकर, इंदूर

नमस्कार. महूच्या बाजूला आमच्या मामांची लाकडाची वखार होती, इकडच्या बोलीत 'टाल'. ती मोडताना कबाड्याने तराजूत टाकलेल्या ढिगातून मी पेट्रोलवर चालणारी एक चेनसॉ (साखळीची करवत) लोखंडाच्या भावाने परत विकत घेतली. मामांच्या सांगण्यानुसार ती निदान पंधरा वर्षे कोणी हातात घेतलेली नाही. वजन, गाइड बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) न धरताही, दहा किलोंच्या पुढे आहे. चेन ब्रेक (करवत उसळली की चेन थांबवणारा) नाही, हँडलखाली हादरे शोषणारे रबराचे बफरही नाहीत. इंजिन सुरू करण्याच्या दोरीकडच्या झाकणावरचे नाव घासून गेले आहे. हे झाकण फिकट नारिंगी आणि बाकीचे अंग राखाडी असल्याने ते मूळचेच आहे का, याची शंका येते. तळाशी साचलेला भुसा आणि तेलाचा थर खरवडल्यावर ओतीव भागावर 1106 ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा दिसला. दोरी ओढली तर तसूभरही हलत नाही, म्हणजे इंजिन धरले (जाम झाले) आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. हे मॉडेल नक्की कोणते? आणि इंजिन सोडवण्यासाठी काय करावे? जवळच्या एका मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून सळई घालून वरून हातोडा मारण्याची तयारी दाखवली. मी यंत्र उचलून घरी आणले.

जुना मॅग्नेटो

घरी आणलेत हे उत्तम केलेत. तसा ठोका बसला असता तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडले असते आणि मग ओळख पटवण्याचे कारणही उरले नसते.

आकड्याविषयी. जर्मनीतील स्टिल कंपनीच्या (अंद्रेआस स्टिल यांनी 1926 मध्ये श्टुटगार्ट येथे सुरू केलेल्या, आपल्या पोलादी 'स्टील'शी तिचा संबंध नाही) सुट्या भागांचे क्रमांक अकरा आकडी असतात आणि पहिले चार आकडे तो भाग कोणत्या मालिकेसाठी घडवला गेला हे सांगतात. 1106 ही 070 आणि 090 या दोन मॉडेलांची मालिका आहे. 1959 मध्ये आलेल्या, गिअरशिवाय थेट चेन फिरवणाऱ्या 'कॉन्ट्रा'चा हा वंश. चेन ब्रेक आणि बफर नसणे त्याच्याशी जुळते. मात्र ओतीव क्रमांक हा त्या भागाचा असतो, पूर्ण यंत्राचा नव्हे. यंत्राचा अनुक्रमांक क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) वेगळा ठोकलेला असतो, तो शोधावा. या मालिकेच्या चिनी नकला आपल्या बाजारात भरपूर आहेत आणि नाव लिहिलेले झाकण तर चार स्क्रूंत बदलते, त्यामुळे रंगावर आणि नावावर विसंबू नये.

फ्लायव्हील (दोरीकडच्या झाकणामागचे जड चाक) काढून आत पाहावे. तिथे कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगी पाडण्याची जुनी व्यवस्था) असतील तर यंत्र जुन्या पिढीतले आहे. नंतरच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले.

दोन ठोके

इंजिन सोडवण्याविषयी लिहितो. प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल भरावे, सायलेन्सर काढून त्या दारातूनही सोडावे आणि चार-पाच दिवस हात लावू नये. त्याच दारातून टॉर्च टाकून पिस्टनची कड पाहावी. तांबूस गंज दिसला तर आशा आहे. उभे, खोल ओरखडे आणि त्यात फासलेले ॲल्युमिनियम दिसले तर इंजिन उभ्या-उभ्या गंजलेले नसून चालताना जळून धरलेले आहे आणि नवा पिस्टन लागेल. नंतर फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून अगदी थोडे मागे-पुढे करावे. दोरीला लोंबकळू नये, स्टार्टरचे दात तुटतात. क्लच काढायची वेळ आली तर बहुतेक चेनसॉंमध्ये तो उलट्या आट्यांचा (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटणारा) असतो हे ध्यानात ठेवावे. मी ते विसरून एकदा क्रँकशाफ्टचे टोक मोडले आहे.

क्रँककेस मॅग्नेशियमची असते. कबाडी लोक चमक आणण्यासाठी ॲसिड वापरतात, ते तिला खाऊन टाकते. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे. कटाईच्या चाकाने तिच्यावर घासू नये, मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो.

यंत्र हलू लागले म्हणून लगेच सुरू करण्याचा मोह टाळावा. इतकी वर्षे पडून क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील कडक होतात, त्यांतून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि चांगला सुटलेला पिस्टन काही मिनिटांत पुन्हा जळतो. सील, कार्बोरेटरचे डायफ्राम (आतले पातळ पडदे) आणि पेट्रोलची नळी हे सगळे रबर आधी बदलावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला फुगवते. म्हणून काम झाल्यावर टाकी रिकामी करावी. साध्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण 25 ला 1, म्हणजे एका लिटरला 40 मिलिलिटर ठेवावे.

रामबागकर, इंदूर

दोघांचेही आभार. सहाव्या दिवशी नटावर पाना लावला आणि कुर्रर्र असा आवाज होऊन इंजिन सुटले. ओरखडे नाहीत, तांबूस डाग आहेत. फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही निघाले. पॉइंटांवर पांढरी बुरशी होती, ती बारीक कानशीने काढून कार्डाने पुसल्यावर प्लगला निळी ठिणगी पडली. अनुक्रमांकही क्रँककेसवर ठोकलेला सापडला. आता 070 की 090 हे ठरवण्यासाठी सौभाग्यवतींची विणकामाची सुई प्लगच्या भोकात सोडून पिस्टनची वर-खाली चाल मोजली, ती सुमारे 40 मिलिमीटर भरली.

जुना मॅग्नेटो

सुई परत करून टाकावी, कारण दोन्ही मॉडेलांची चाल 40 मिलिमीटरच आहे. फरक सिलिंडरच्या व्यासात आहे. 070 चा 58 मिलिमीटर, त्यामुळे 106 सीसी; 090 चा 66 मिलिमीटर, त्यामुळे 137 सीसी. सिलिंडर उतरवणारच असाल, तेव्हा व्हर्निअर (बारीक माप घेण्याचे साधन) लावावे. चेनचे माप (पिच) ठरवण्यासाठी लागोपाठच्या तीन रिव्हेटांतले अंतर मोजून निम्मे करावे.

रामबागकर, इंदूर

सिलिंडर उतरवला. पिस्टन 58 ला किंचित कमी, म्हणजे 070. तीन रिव्हेटांतले अंतर 20.5 मिलिमीटर आले, निम्मे सव्वादहा. इथल्या सियागंज बाजारातल्या दुकानदाराने आकडा ऐकताच 'चारशे चार पिचची चेन' (म्हणजे 0.404 इंच) म्हणून सांगितले. सील आणि डायफ्रामचा संच मागवला आहे. चेन ब्रेक नसल्याने करवत उसळली तर थांबवणारे काही नाही, म्हणून ही झाडावर चालवणार नाही. लाकूड कापायच्या घोडीवर बांधून ठेवलेला ओंडका कापून पाहीन आणि कार्बोरेटरचे स्क्रू किती फेऱ्यांवर बसले ते इथे कळवीन.