पहिल्या सत्रात क्लब नकोच!

घडी (धागाकर्ता):
कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात नाटक, छायाचित्रण, रोबोटिक्स, वादविवाद अशी सगळ्यांची टेबलं मांडली जातात आणि नवी मुलं चार-चार ठिकाणी नावं देऊन येतात. माझं मत असं की पहिलं सत्र संपेपर्यंत एकाही ठिकाणी नाव देऊ नये.

शाळेत गृहपाठ राहिला तर दुसऱ्याच दिवशी कळतं. कॉलेजात आपण मागे पडलोय हे कळायला पहिली चाचणी उजाडावी लागते, म्हणजे पाच-सहा आठवडे गेलेले असतात. तोवर दोन प्रकरणं तुंबली की पुढच्या तासाला फळ्यावरचं नुसतं उतरवून घेणं होतं. गणितात तर हे फार महागात पडतं. सीमा (लिमिट) ही कल्पना समजली नसेल तर अवकलनाची (डिफरन्सिएशनची) सूत्रं पाठ करावी लागतात, आणि उदाहरण जरा वळवून विचारलं की पाठांतर तिथेच थांबतं.

यावर उपाय एकच. ज्या दिवशी तास झाला त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग वहीशी ताडून सुटलेलं दुसऱ्या रंगात भरायचं. एका विषयाला १० ते १५ मिनिटं पुरतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ साली दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. सगळं रविवारवर ढकललं की उजळणी होत नाही, पहिल्यापासून शिकावं लागतं.

ओसरी:
उजळणीचं पटलं, क्लबबंदीचं अजिबात नाही. हिशेबच करू. आठवड्याचे तास १६८. झोप रोज ८ तास, म्हणजे ५६. वर्गातले तास २०. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास हा जुना ठोकताळा धरला तर ४०. जेवणखाण, आंघोळ, कपडे, येणं-जाणं रोज ३ तास, म्हणजे २१. बेरीज १३७. उरतात ३१ तास. त्यातले चार क्लबला दिले तर अभ्यास कुठे बुडतो?

आणि ओळखी पहिल्या महिन्यातच होतात. दुसऱ्या सत्रात जाणाऱ्याला तयार झालेल्या कंपूच्या कडेला उभं राहावं लागतं. आजारी पडल्यावर वही कुणाकडे मागायची, हा प्रश्नही अभ्यासाचाच आहे ना?

प्रयोगवही:
ओसरी, तुमचे ३१ तास कागदावरचे आहेत. प्रात्यक्षिकं असलेल्या शाखेत तीन तासांच्या प्रयोगामागे लिखाण, आलेख आणि त्रुटींची आकडेमोड यांत आणखी तीन तास सहज जातात. उरलेला वेळही सलग मिळत नाही. वर्गातल्या दोन तासांच्या मध्ये ५० मिनिटं, मग पुन्हा ४०. क्लबची तालीम संध्याकाळी असते आणि दिवसातला सलग असा तेवढाच पट्टा असतो, तोच जातो.

मधल्या फटींत धडा वाचायला बसू नका, लय लागेपर्यंत उठायची वेळ होते. तीन उदाहरणं आदल्या रात्रीच निवडून ठेवा आणि तेवढीच सोडवा. हे जमलं तर संध्याकाळ मोकळी राहते. तिचं काय करायचं, यावर खुशाल वाद घाला.

घडी:
एकटेपणाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी तीन-चार जणांचा अभ्यासगट पुरतो. आठवड्यातून एकदा, ९० मिनिटं. प्रत्येकाने आधी एकट्याने प्रयत्न करून यायचं आणि अडलेलीच उदाहरणं आणायची. गट फसतो तो एकच हुशार मुलगा सोडवत बसतो आणि बाकीचे उतरवतात म्हणून. खडू त्याच्या हातात द्यायचाच नाही. ज्याला अडलंय त्याने फळ्यापाशी उभं राहायचं.

ओसरी:
अभ्यासगटात सगळे एकाच वर्गाचे, एकाच चाचणीला घाबरलेले. वरच्या वर्षाची मुलं क्लबातच भेटतात, आणि कोणत्या विषयात लोक कुठे अडकतात हे तीच सांगतात.

बेशिस्त नको, हे मीही म्हणेन. क्लब एकच. नाव देण्याआधी तीन बैठकांना नुसतं जाऊन बसायचं. दोन गोष्टी विचारायच्या: आठवड्याला किती संध्याकाळी आणि मुख्य कार्यक्रम कधी? ती तारीख परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लिहायची. दोन्हींत दोन आठवड्यांचं अंतर नसेल तर त्या वर्षी फक्त प्रेक्षक व्हायचं. हिशेब ठेवणं, प्रायोजक आणणं ही पदं पहिल्या वर्षी घ्यायची नाहीत. ती कामं ठरल्या वेळेत संपत नाहीत.

आडवाट:
दोघांनाही एक विचारायचंय. मुलं शिक्षकांकडे कधी जातात? बहुतेक चाचणीत आपटल्यावर. जायला हवं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ‘काहीच कळत नाही’ म्हटलं की ‘नियमित अभ्यास करा’ एवढंच ऐकून परतावं लागतं. आपला सोडवलेला कागद न्यावा, अडलेल्या ओळीखाली रेघ मारावी आणि ‘इथून इथे कसं आलो?’ एवढंच विचारावं. पाच मिनिटांत गाठ सुटते. क्लब असो वा नसो, हे न करणारा अडकतोच.

घडी:
आडवाट, शंभर टक्के सहमत. ओसरी, तीन बैठकांची अट चांगली आहे, म्हणून मी सत्रावरून पहिल्या चाचणीपर्यंत मागे येतो. पेपर हातात पडला, चुका कुठे झाल्या ते पाहिलं, की मग क्लब.

ओसरी:
सहा आठवड्यांनी नाटकातल्या भूमिका वाटून झालेल्या असतात. मी तीन बैठका झाल्या की नाव, म्हणजे तिसऱ्या आठवड्यावरच ठाम आहे.