वेलस्लीचे आयरिशपण हिशेबात धरायचे की नाही?

दप्तरदार (धागालेखक):
दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहावर लिहिताना आपण ‘वेलस्ली’ हे नाव असे वापरतो, की तो एकच माणूस होता असे वाचणाऱ्याला वाटावे. असईला मराठ्यांशी लढला तो आर्थर. ज्याच्या धोरणातून ३१ डिसेंबर १८०२ चा तह आणि पुढचे युद्ध निघाले, तो त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा भाऊ रिचर्ड, कंपनीचा गव्हर्नर जनरल. या रिचर्डला समजून घ्यायचे तर सुरुवात कलकत्त्यापासून नव्हे, तर आयर्लंडमधील मीथ परगण्यातल्या डँगनच्या वाड्यापासून करावी, असे माझे म्हणणे आहे. वडील, म्हणजे मॉर्निंग्टनचे पहिले अर्ल, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापक होते. १७८१ साली ते वारले तेव्हा वीस वर्षांच्या रिचर्डच्या वाट्याला किताबाबरोबर कर्ज आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी आली, ऑक्सफर्डची पदवी अर्धवट राहिली आणि पुढे वाडाही विकावा लागला. आयरिश किताबाने लंडनच्या उमराव सभेत आपोआप जागा मिळत नसे. अशा दुय्यम उमरावाला वर चढायला साम्राज्य हीच शिडी होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याला मोठ्या इंग्रजी किताबाची आशा होती. हाती आला आयरिश मार्क्विसचा, आणि त्याने त्याची ‘दुहेरी मुलाम्याचा बटाटा’ म्हणून संभावना केली. मराठ्यांवरच्या स्वारीमागे हीच भूक होती, असे मला वाटते.

कुळकायदा:
आपण ज्याला आयरिश म्हणता, त्याला आयर्लंडातील बहुसंख्य कॅथलिक कुळांनी आपला मानले असते का? हे घराणे प्रॉटेस्टंट जमीनदारांचे होते. त्यांचे मूळ आडनाव कॉली; रिचर्डच्या आजोबांना १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली नावाच्या आप्ताची जमीन मिळाली, तेव्हा त्यांनी नावही उचलले. (दत्तकाबरोबर नाव बदलणारी घराणी पाहिलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.) पुढे वेस्लीचे वेलस्ली झाले, कारण ते रूप अधिक जुने आणि भारदस्त. तबेल्यात जन्मल्याने कोणी घोडा होत नाही, हा टोला आर्थरने स्वतःबद्दल हाणला असे सर्रास सांगतात. प्रत्यक्षात तो आयर्लंडमधील कॅथलिकांचा पुढारी डॅनिएल ओकॉनेल याने १८४३ मध्ये आर्थरला उद्देशून हाणला होता, आणि तो थोरल्यालाही तितकाच लागू पडतो. शिवाय रिचर्डला १७९७ मध्येच, हिंदुस्थानात येण्याआधी, ब्रिटिश किताब मिळाला होता. म्हणजे उमराव सभेचे दार उघडलेलेच होते. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून देऊ केलेले एक लाख पौंडही त्याने नाकारले. तैनाती फौजेमागे फ्रेंचांची धास्ती आणि थंड डोक्याचा राजकीय हिशेब होता. त्याला मानभंगाची कहाणी चिकटवण्याची गरज नाही.

दप्तरदार:
लाख पौंड नाकारणे माझ्याच बाजूचे आहे. कर्जबाजारी घरातला माणूस इतकी रक्कम परत करतो आणि किताब कोणत्या देशाचा यावरून मात्र जळफळतो, तेव्हा त्याला काय हवे होते हे वेगळे सांगावे लागत नाही. फ्रेंचांची धास्ती खरी होती, पण ती धास्ती दिल्लीपासून दख्खनपर्यंत एकाच वेळी युद्ध पेटवण्याइतकी नव्हती. खुद्द कंपनीचे संचालक खर्चाने हैराण झाले होते, आणि होळकरांपुढे कंपनीचा सेनानी मॉन्सन याची दाणादाण उडाल्यावर १८०५ मध्ये त्याच्या जागी कॉर्नवॉलिसला धाडण्यात आले.

असईची वाट:
दोघेही १८०५ लाच थांबलात. १८२१ मध्ये हाच माणूस राजाचा प्रतिनिधी, म्हणजे लॉर्ड लेफ्टनंट, म्हणून डब्लिनला परतला आणि कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत या बाजूने उभा राहिला. कडव्या प्रॉटेस्टंटांना ते इतके झोंबले, की डिसेंबर १८२२ मध्ये नाट्यगृहात त्याच्या दिशेने बाटली भिरकावली गेली. १८२५ मध्ये त्याने मॅरिअॅन पॅटरसन या कॅथलिक अमेरिकन विधवेशी लग्न केले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव कॅथलिक चार्ल्स कॅरोल हे तिचे आजोबा. १८२८ मध्ये धाकटा भाऊ आर्थर पंतप्रधान झाला, कॅथलिकांच्या प्रश्नावर दोघांचे जमेना, आणि रिचर्डने पद सोडले. वर्षभरात कॅथलिकांना हक्क देणारा कायदा आर्थरनेच संमत करून घेतला, हा भाग वेगळा. हे सारे करणाऱ्याला ‘उपरा’ म्हणून झटकून टाकता येत नाही.

कुळकायदा:
झटकत नाही, वजन करून पाहतो. १८२९ च्या कायद्याने संसदेचे दार कॅथलिक प्रतिष्ठितांना उघडले, आणि त्याच सुमारास मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेऊन हजारो लहान शेतकऱ्यांचे मत काढून घेतले. ती अट आर्थरच्या सरकारची, हे मान्य. परंतु थोरल्याची रीतही निराळी नव्हती: स्थानिक वजनदारांना मानाने वागवावे, त्यांना आपल्या चौकटीत ठेवावे आणि खरी सत्ता हातची सोडू नये. पुण्यात बाजीरावाची गादी राखून त्याने हेच केले होते.

रेवदंडा:
कुटुंबाचा उल्लेख झाला, पण पहिली पत्नी राहूनच गेली. यासँत रोलाँ ही फ्रेंच नटी. १७९४ मधील विवाहाआधीच त्यांना पाच मुले झाली होती, हिंदुस्थानच्या प्रवासाला ती निघाली नाही, आणि तो परतल्यावर काही वर्षांत दोघे विभक्त झाले. विवाहाआधीची म्हणून त्या मुलांना वडिलांचा कोणताही किताब मिळू शकत नव्हता. १८४२ मध्ये रिचर्ड वारला, तेव्हा तो मुलाम्याचा बटाटा त्याच्याबरोबरच संपला आणि मॉर्निंग्टनची अर्ल पदवी भाऊ विल्यमकडे गेली. किताबाची भूक हे दप्तरदारांचे सूत्र खरे धरले, तर त्या भुकेचा वारस कोणीच नव्हता. गंमत अशी, की त्याच मुलांपैकी अॅनच्या वंशात पुढे राणी दुसरी एलिझाबेथ जन्मली.

दप्तरदार:
हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, आणि त्याने माझे सूत्र दुबळे होते की आणखी पक्के, हे मला आत्ताच ठरवता येत नाही. वसईवरच्या लेखात ‘इंग्रज वेलस्ली बंधू’ असे लिहिले होते. ते खोडून ‘आयर्लंडमधील जमीनदार घराण्यातले वेलस्ली बंधू’ असे करतो. कुळकायदा यांना त्यातला ‘आयर्लंड’ हा शब्दही खटकेल, याची कल्पना आहे.